घोड्याच्या डोळ्यात वळवळणारा पांढरा धागा: जंताचं औषध देऊन वाट पाहावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षांच्या घोडीच्या उजव्या डोळ्यातून आठवडाभर पाणी वाहतंय. उजेडात आणलं की ती डोळा मिटून घेते. डोळ्याची काच, म्हणजे पुढचा पारदर्शक पडदा, खालच्या बाजूने निळसर, धुरकट झाली आहे. काल टॉर्च मारल्यावर आत केसापेक्षा थोडा जाड पांढरा धागा वळवळताना दिसला. एकाने जंताची पेस्ट द्यायला सांगितलं, आठ दिवसांत आत मरून विरघळेल म्हणून. दुसऱ्याने स्टेरॉइडचे थेंब आणून दिले. यातलं काय करावं?

दोन्ही करू नका. वर्णनावरून जंत डोळ्याच्या आत, काचेच्या मागच्या पाण्यात आहे. तिथला जंत आत मारायचा नसतो, जिवंत असताना बाहेर काढायचा असतो. हे काम घोड्यांच्या डोळ्यांवर हात बसलेल्या पशुवैद्याचं आहे आणि ते एक-दोन दिवसांत व्हायला हवं. कारण साधं आहे: काच जसजशी धुरकट होत जाईल तसतसा डॉक्टरला आतला जंत दिसेनासा होईल, आणि न दिसणारा जंत काढणं फार अवघड.

आधी एक खात्री करून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. जंत डोळ्याच्या आत आहे की डोळ्यावर? घोडीला अंधाऱ्या ठाणावर न्या, तिच्या ओळखीच्या माणसाला मोहरकी धरू द्या आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने, कानाच्या दिशेने तिरका धरा. जंत पृष्ठभागावर असेल तर तो पापणी मिटताना तिच्याबरोबर सरकतो, पांढऱ्या भागावर येतो, आतल्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या पापणीखाली शिरतो. आत असेल तर पापणी कितीही मिटली तरी त्याच्या पोहण्यात फरक पडत नाही. तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वेटोळी घालत राहतो, आणि तिरक्या उजेडात त्याची बारीक सावली मागच्या तपकिरी पडद्यावर पडलेली दिसते. ती सावली दिसली की शंका उरत नाही. अधूनमधून तो बाहुलीतून मागे जातो आणि मिनिटभर नाहीसा होतो, तेव्हा एकदा दिसला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

इथे एक गोष्ट सांगतो, म्हणजे उगाच घाबरायला नको. घोड्याची बाहुली आडवी असते आणि तिच्या वरच्या कडेला काळ्या-तपकिरी मऊ गोळ्यांसारखं काहीतरी लोंबताना दिसतं. ते जन्मतः असतं आणि प्रत्येक निरोगी घोड्याला असतं. त्याला जंताची गाठ समजून लोक घोडा घेऊन येतात. तसंच, डोळ्याला सूज आली की आतल्या पाण्यात पांढरट जाळी धरते. तीही धाग्यासारखी दिसते, पण स्वतःहून हलत नाही.

तर हा आतला जंत कोण? आशियात बहुतेक वेळा सेटारिया डिजिटाटा. याचं खरं घर गाय-म्हैस. त्यांच्या पोटाच्या पोकळीत, आतड्यांच्या बाहेर, हे पांढरे लांब जंत राहतात आणि जनावराला सहसा काही त्रासही होत नाही. मादी अंडी लिदीत-शेणात टाकत नाही, सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडते. डास रक्त पितो, पिल्लं डासाच्या अंगात साधारण दोन आठवड्यांत पुढच्या अवस्थेला पोचतात, आणि तोच डास घोड्याला चावला की ती घोड्यात उतरतात. घोडा त्यांचा नेहमीचा यजमान नाही. वाट चुकलेली ही अळी कधी डोळ्यात शिरते, कधी मज्जारज्जूत. घोड्याचा स्वतःचा असा सेटारिया इक्विना नावाचा जंतही आहे. तो घोड्याच्याच पोटात राहतो आणि क्वचित डोळ्यात सापडतो. उपचाराच्या दृष्टीने दोघांत फरक नाही.

यावरून बऱ्याच प्रश्नांची उत्तरं मिळतात. लीद तपासून हा जंत कळत नाही, कारण त्याचं काहीच लिदीतून जात नाही. रक्ताच्या तपासणीतही वाट चुकलेल्या जंताचा बहुधा पत्ता लागत नाही, कारण घोड्यात तो पूर्ण वाढून पिल्लं सोडण्यापर्यंत पोचतच नाही. शेजारच्या ठाणावरच्या घोड्याला हा तुमच्या घोडीपासून लागणार नाही. काढताना जंत हाताला लागला म्हणून माणसालाही होणार नाही. मध्ये डास लागतोच.

हा प्रकार नवा नाही. १७८० च्या दशकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात डोळ्यात ‘जिवंत साप’ असलेला घोडा लोकांना दाखवला जात होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सिस हॉपकिन्सन, यांनी स्वतः तो डोळा पाहिला आणि आतला पांढरा जंत कसा सतत वळवळतो याचं वर्णन लिहून ठेवलं. आज वाचलं तरी आपण टॉर्च धरून जे पाहतो तेच ते आहे.

आता पेस्टचं. तिच्यातलं आयव्हरमेक्टिन हे उत्तम औषध आहे, माझ्या पेटीत ते कायम असतं. पण डोळ्याची रचना अशी आहे की रक्तातली बरीच औषधं आतल्या पाण्यात फार थोडी उतरतात. मग दोनपैकी एक होतं. पुरेसं औषध पोचलं नाही तर जंत तसाच राहतो आणि तुमचे आठ दिवस जातात. पोचलं तर जंत आत मरतो, आणि हे जास्त वाईट. जिवंत जंत डोळ्याला टोचतो, घासतो, चिडवतो. मेलेला जंत कुजतो आणि त्याच्या शरीरातलं सगळं त्या चिमूटभर पाण्यात सुटतं. डोळा त्यावर तुटून पडतो: बाहुली आकसते, तपकिरी पडदा मागच्या भिंगाला चिकटतो, मोतीबिंदू होतो, दाब वाढतो किंवा डोळा हळूहळू आकसून जातो.

असा एक डोळा माझ्या कायमचा लक्षात आहे. तांबडा घोडा, चालीला देखणा. जंत दिसल्या दिवशी पेस्ट दिली, पाच दिवसांनी पुन्हा दिली, आणि वळवळ थांबली म्हणून सगळे खूश झाले. माझ्याकडे आला तेव्हा बारावा दिवस होता. काचेच्या तळाशी पांढरा पू बसल्यासारखा थर, बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी आणि तीही एका बाजूला ओढलेली. मी महिनाभर त्या डोळ्यामागे लागलो. वेदना थांबल्या, नजर आली नाही. त्या मालकाने काही हयगय केली नव्हती, त्याला फक्त चुकीचा सल्ला वेळेवर मिळाला होता. म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय.

स्टेरॉइडच्या थेंबांचं त्याहून कडक सांगतो. काचेवर ओरखडा किंवा जखम असताना स्टेरॉइड गेलं तर जखम भरायची थांबते, तिच्यात जंतुसंसर्ग किंवा बुरशी पसरते आणि काच वितळल्यासारखी होऊन फुटू शकते. घोड्याच्या डोळ्यात हे दोन दिवसांतही होतं. जखम आहे की नाही हे नुसत्या नजरेला कळत नाही. फ्लुरेसिनचा थेंब टाकून पाहावं लागतं, जखमेची जागा हिरवी चमकते. ही तपासणी झाल्याशिवाय स्टेरॉइड नाही. दुखऱ्या डोळ्याची घोडी खांबाला, गव्हाणीला डोळा घासत असते, म्हणजे ओरखडा असण्याचीच शक्यता जास्त.

डॉक्टर येईपर्यंत इतकंच करा. अंधारं, धूळ नसलेलं ठाण. चारा जाळीत उंच टांगू नका, खाली ठेवा, म्हणजे कचरा डोळ्यात पडत नाही. माश्या रोखणारी जाळी असेल तर बांधा. चिपडं साचत असतील तर सलाइनने ओल्या केलेल्या स्वच्छ कापसाने बाहेरून पुसा. झाडपाल्याचा रस, मध, तुरटीचं पाणी, माणसाचे जुने उघडलेले थेंब, काही म्हणजे काही आत टाकू नका. दुखणं कमी करायला फ्लुनिक्सिन चालतं, पण ते डॉक्टरला विचारून, कारण मात्रा वजनावर असते आणि चुकून शिरेबाहेर गेलं तर वेगळंच दुखणं मागे लागतं.

जंत काढताना काय होतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला धीर येईल आणि काय विचारायचं तेही कळेल. काही डॉक्टर घोडी पाडून, पूर्ण भूल देऊन करतात. काही उभ्याने, गुंगीवर करतात. घोडी शांत असेल आणि हात सराईत असेल तर उभ्यानेही छान होतं. चंचल जनावर असेल तर मी पूर्ण भूलच पसंत करतो, कारण सुई डोळ्यात असताना एक झटका म्हणजे डोळा गेला. गुंगीनंतर कान आणि डोळा यांच्या मधल्या हाडाच्या कमानीवर लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन पापणी मिटणारी नस बधिर करतात. हे टाळायचं नाही. घोड्याची पापणी फार ताकदीची असते. ती दाबली गेली तर छेद घेतल्यावर आतलं पाणीच काय, पडदासुद्धा बाहेर येईल. मग काच बधिर करणारे थेंब. मग पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने डोळा धुणं. इथे द्रावण आणि शस्त्रक्रियेआधी हात धुवायचं फेसाळ आयोडीन यांत गल्लत झाली तर फेसाळ औषध काच जाळतं. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच, म्हणून मी लेबल मोठ्याने वाचून घेतो.

त्यानंतर काच आणि पांढरा भाग जिथे मिळतात त्या कडेजवळ दोन-तीन मिलिमीटरचा तिरका छेद, किंवा जाड सुई. तिरका अशासाठी की तो पुढे आपणहून मिटतो. जंत छेदाजवळ कधी येतो याची वाट पाहायची. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे तोंड उघडलं की ते चिळकांडीसारखं येतं आणि बहुतेक वेळा जंत त्याच्याबरोबरच बाहेर पडतो. गालावर पडून तो तसाच वळवळत असतो, दोन ते पाच सेंटिमीटर लांब, शिवणाच्या दोऱ्याएवढा. पहिल्या झटक्यात आला नाही तर पाणी पुन्हा भरून घेऊन प्रयत्न करावा लागतो, आणि तो अर्धवट तुटला तर तुकडा मागे ठेवून चालत नाही. म्हणूनच आधी बाहुली मोठी करणारं ॲट्रोपिन टाकत नाहीत. बाहुली लहान असेल तर जंताला मागे पळायला वाट कमी. ॲट्रोपिनचं काम जंत निघाल्यावर सुरू होतं.

डोळा त्या क्षणी चपटा, सुरकुतलेला दिसतो. मालक इथे हमखास हबकतात. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत पाणी पुन्हा भरतं आणि डोळा गोल होतो. छेद मोठा असेल तर केसापेक्षा बारीक टाका घालतात.

पुढचे दोन आठवडे मात्र तुमचे आहेत, आणि निम्मं यश तिथे आहे. प्रतिजैविकाचे थेंब दर चार-सहा तासांनी, रात्रीसुद्धा. ॲट्रोपिन एक टक्क्याचं, डॉक्टर सांगेल तितक्याच वेळा, कारण ते आतड्याची हालचाल मंद करतं आणि घोड्याला पोटशूळ होऊ शकतो. रोज लीद किती पडली ते मोजा, डाव्या-उजव्या कुशीला कान लावून गुडगुड ऐका. लीद कमी झाली, कुस शांत झाली तर पुढचा थेंब टाकण्याआधी फोन करा. धनुर्वाताची लस चालू आहे का तेही पाहून घ्या, घोड्याच्या कुठल्याही जखमेला हा प्रश्न विचारायलाच हवा. थेंब टाकताना घोडी मान झटकायला लागली तर जबरदस्ती करू नका. डॉक्टर पापणीतून बारीक नळी बसवू शकतात, तिचं टोक आयाळीपाशी बांधलं जातं आणि औषध तिथूनच देता येतं. छेदाजवळचा धुरकटपणा दोन-तीन आठवड्यांत बराच निवळतो. बारीक पांढरा ठिपका राहिला तर तो सहसा नजरेच्या आड येत नाही.

पेस्ट द्यायची ती नंतर, जंत बाहेर आल्यावर आणि सूज उतरल्यावर, अंगात आणखी कुठे अळ्या फिरत असतील त्यांच्यासाठी. घोड्याची नेहमीची मात्रा किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ४०० किलोच्या घोडीला ८० मिलिग्रॅम, आणि तोंडानेच. गुरांसाठीचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका, त्या जागी वाईट सूज आणि जीवघेणा संसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत.

आणखी एक तपासणी करा, जी डोळ्याच्या गडबडीत राहून जाते. हीच अळी मज्जारज्जूत गेली तर घोडा कमरेतून लुळा पडतो, त्याला कुमरी म्हणतात. घोडीला लहान गोल फिरवा, दहा पावलं मागे न्या. मागचा पाय ओढतेय, खुराचं टोक घासतेय, वळताना कंबर डुलतेय असं काही दिसलं तर ते त्याच दिवशी सांगा. तिथे उशीर डोळ्यापेक्षा महाग पडतो. दुसरा डोळाही नीट पाहा. बहुधा एकाच डोळ्यात एकच जंत असतो, पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे.

तुमच्या टॉर्चच्या तपासणीत जंत पृष्ठभागावर निघाला, तर गोष्ट पुष्कळ सोपी. तो थेलाझिया, खरा ‘डोळ्याचा जंत’, एक ते दोन सेंटिमीटरचा. अश्रू चाटणाऱ्या माश्या तो एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात नेतात. बधिर करणारे थेंब टाकून तिसरी पापणी उचलायची, बोथट चिमट्याने एकेक जंत काढायचा आणि डोळा सलाइनने भरपूर धुवायचा. पण अश्रुग्रंथीच्या नळ्यांत दडलेले हाती लागत नाहीत, म्हणून आठवड्याने पुन्हा पाहावं लागतं. इथे नुसत्या आयव्हरमेक्टिनच्या एका मात्रेवर मी विसंबत नाही.

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात न भरणारी, खाजणारी, लालसर मांसल जखम असेल आणि तिच्यात वाळूच्या कणांसारखे पिवळे कडक दाणे सापडले तर ते हाब्रोनेमा, जुनं नाव बरसाती. याचे मोठे जंत घोड्याच्या जठरात असतात, अळ्या लिदीतून माशीत जातात आणि माशी ओल्या जागेवर बसली की तिथे उतरतात. अश्रूंनी ओला कोपरा त्यांना आयताच मिळतो. इथे आयव्हरमेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन उपयोगी आहे. पण अशीच दिसणारी गाठ कर्करोगाचीही असू शकते. दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल तर तुकडा काढून तपासा, वाट पाहू नका.

ऑन्कोसर्का या आणखी एका जंताबद्दल दोनच वाक्यं. याचे मोठे जंत मानेच्या वरच्या जाड बंधात राहतात, बारीक चिलटं ते पसरवतात, आणि त्यांची नजरेला न दिसणारी पिल्लं डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे येऊन तिथला काळा रंग उडवतात, काच धुरकट करतात. आयव्हरमेक्टिन या पिल्लांना मारतं, पण एकदम मेली तर डोळा भडकतो, म्हणून आधी सूज उतरवणारं औषध आणि मग पेस्ट.

आणि जंत कुठेच नाही, पण डोळा वरचेवर लाल होऊन दुखतो आणि बरा होतो, असं असेल तर जंताचा नाद सोडा. तो घोड्याचा वारंवार येणारा आतल्या पडद्याचा दाह असण्याची शक्यता मोठी आहे. त्याची तपासणी वेगळी, उपचार वेगळे.

पुन्हा होऊ नये म्हणून काय? घोडी गुरांच्या दावणीला लागून बांधली असेल तर आधी तिथून हलवा, हा माझा पहिला उपाय. संध्याकाळपासून सकाळपर्यंत ठाणाला बारीक जाळी, शक्य असेल तर पंखा, कारण वाऱ्याच्या झोतात चिलटं आणि डास दोघांनाही बसता येत नाही. साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा उपसून टाका, पिण्याची टाकी घासून भरा. लीद रोज उचला, त्याने डास कमी होणार नाहीत पण माश्या होतील, म्हणजे माश्यांमुळे होणारे थेलाझिया आणि हाब्रोनेमा आटोक्यात राहतील. डासांच्या हंगामात दर महिन्याला पेस्ट देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ज्या ठिकाणी एकामागून एक घोडे कुमरीने पडतात तिथे ती मला समजते. एका डोळ्यातल्या एका जंतासाठी मी ती सुरू करणार नाही. आतड्यातले जंत त्या औषधाला सरावतात, आणि मग खरोखर गरज लागेल तेव्हा ते चालत नाही.

घोडीवर पुन्हा बसता येईल का, असंही विचारलं आहे. जंत वेळेत, अख्खा निघाला तर बहुतेक घोडे त्या डोळ्याने नीट पाहतात. तीन आठवडे खोगीर नको, कारण जोर लावताना आणि मान खाली घालताना डोळ्यावर दाब येतो. त्यानंतर उजव्या बाजूने तळहात हळूच डोळ्याकडे न्या, वारा लागणार नाही असा. पापणी मिटली तर नजर आहे. मग आधी हातात धरून उजव्या बाजूला अडथळा ठेवून चालवा, दोन-तीन दिवस. ती न बिचकता त्याच्या कडेने गेली की खोगीर घाला.